मधे दोरी

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात काचेवर
हुकांचा ढीग ओततो पोरगा:
कुत्र्याच्या पट्ट्याचे, दप्तराचे, म्हशीच्या साखळीचे.
"कशाला पाहिजेत ताई?"
"सिलिंडरला."
"गॅसच्या?"
"हवेच्या. पाठीवर घेऊन बुडायचं असतं."
तो हसतो. मी पर्समधून लोहचुंबक काढते.

चिकटला तो बाजूला.
चकाकतो, पण नुसता मुलामा;
पंचगंगेच्या एका पावसाळ्यात पोटातून सडेल.
नाही चिकटला, त्याची स्प्रिंग बघायची,
कारण अंग चांगल्या स्टीलचं आणि आत स्प्रिंग लोखंडाची
असल्या सोयरिकी बऱ्याच पाहिल्यात मी.

डोंगर चढणाऱ्यांचा तो देखणा, निळा,
दाबला की उघडणारा,
त्याला हात लावत नाही.
दाबला की उघडतो म्हणजे
कुणीही दाबला तरी उघडतो:
जाळ्याचा तंगूस, बंधाऱ्याच्या बरग्यात अडकलेला वेल,
निर्माल्याच्या पिशवीची सुतळी.
आत शिरतात, आणि मग सोडत नाहीत.

मला खटक्याचा हवा.
अंगठ्यानं मागं ओढला तरच हलणारा,
बोंड एवढं मोठं की
गार पडलेल्या, मोजे घातलेल्या बोटालाही सापडावं.
डोळे मिटून मी एकेक हूक उघडते, मिटते,
उघडते, मिटते.
मागचं गिऱ्हाईक खाकरतं.
त्याला काय सांगू, नदीत डोळे उघडे ठेवूनही
हाताला दिसतं तेवढंच दिसतं.

सहा निवडले. आणि दोन हात पांढरी दोरी.
"दोरीचं काय घ्यायचं ताई, न्या तशीच."

उद्यमनगरात इलाहीचाचा शिकलगार
लेथ चालू ठेवूनच बोलतात.
जोडपट्टी उलटीपालटी केली, हूक तोलला,
दोरी मात्र बाजूला सारली दोन बोटांनी.
"हे दोरीबिरी कशाला गं पोरी?
हूक थेट पट्टीला वेल्डिंग मारतो की.
हत्तीनं वडलं तरी सुटायचं न्हाई."

"तेच नको, चाचा."

त्या पुराच्या साली
चिखलीतल्या एका गोठ्यात उतरले होते.
माणूस शोधत होते, माणूस नव्हता तिथं.
आधी हाताला वासा लागला, मग गव्हाणीची कड,
मग शिंग.
शिंगावरून हात खाली गेला,
गळ्यातल्या साखळीवरून हुकापर्यंत.
हूक कड्यात, कडं भिंतीत,
लोखंडात लोखंड, गंजून एक झालेलं.
माझ्याकडं सुरी होती. चांगली होती.
सुरीनं साखळी कापत नाही.
कापून आता उपयोगही नव्हता, तरी
मी किती वेळ घासत बसले कुणास ठाऊक,
वरून दोरीला तीन हिसके आले तेव्हा सोडलं.

शेजारच्या खुंट्याला नुसतं दावं होतं.
विळ्यानं कापलेलं.
त्याचं टोक पाण्यात हलत होतं.

आमचा बाप गंगावेशीत धार काढायचा.
म्हैस कितीही द्वाड असो, सुरगाठच मारायचा.
निरगाठ मारली की ओरडायचा,
"बांधायला काय, कुणालाबी येतंय!"

म्हणून, चाचा, पट्टी सिलिंडरला घट्ट,
हूक माझ्या अंगावरच्या कड्याला घट्ट,
आणि मधे ही दोरी, दोन बोटं लांब.
सगळं धरून ठेवील असं पाहिजे,
आणि एक जागा अशी, जिथं सुरी चालेल.

चाचांनी लेथ बंद केला.
उद्यमनगरात एवढी शांतता नसतेच,
शेजारच्या फौंड्रीतलं ठोकणं ऐकू यायला लागलं.
"म्हस कुणाची हुती?"
"विचारलं नाही."

त्यांनी वेल्डिंगचा चष्मा खिळ्याला परत टांगला.
पट्टीचं कडं शिकंज्यात धरलं
आणि आतली धार कानशीनं घासायला लागले, हळूहळू,
मग झिरो पेपरनं,
मग लुंगीच्या टोकानं पुसून
स्वतःचा अंगठा आतून फिरवून बघितला.

"कडा ऱ्हायली असती तर," म्हणाले,
"तुझ्या आधी हिनंच कापली असती दोरी."