कूस

कणकवलीला, मुकादमांच्या दुकानात
मी नक्षी बघत होतो : खोल, दातेरी, देखणी.
"चिखल कोणय तुडवता," ते म्हणाले,
"तुमच्या सड्यावरचो जांभो कुशीत चावता.
थंय ठिगळ लागणा नाय."
आणि माझाच जुना टायर आडवा करून
बोटभर चीर दाखवली,
आतले धागे उसवलेले.

मग अंगठ्यानं दाबत गेलो एकेक,
गिऱ्हाईक आंबा दाबतं तसा,
ज्यावर मी हंगामभर ओरडतो.

चौथा दबेना.
किंमत ऐकून मीच जरा दबलो.

चार रोख. पाचवा, स्टेपनीचा, उधार.

परतताना डांबरावर त्यांचा घोंघाट,
बोललेलं ऐकू येईना.
"रस्ता संपला की गप्प होतील,"
हेमांगी ओरडून म्हणाली.

वाडातरच्या पुढं, कातळावर,
खरंच झाले.
मग आम्हीही.