फूल घासलेली बंदूक

निवडणूक लागली की
अमळनेरच्या ठाण्यात जमा करायची,
निकाल लागला की सोडवून आणायची.
आमच्या घरी आल्यापासून तिनं पाहिलेली एवढीच मोहीम.
अप्पांनी पावत्या जपल्या बिस्किटांच्या डब्यात.
बहात्तरची म्हणते : रायफल, जपानी, जुनी.
ऐंशीची : रायफल, इंग्लिश, जुनी.
एकानं तर 'भरमार' लिहून टाकलंय.
जुनी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

आजोबा, हवालदार दौलत उखा भदाणे,
बोरीच्या पाण्यात पाय सोडून सांगायचे :
"ब्रह्मदेशमा हिसकाई लई उनू, त्याना हातम्हाईन."
त्याना म्हणजे कुणाच्या?
त्याला नाव नव्हतं,
दर उन्हाळ्यात उंची तेवढी वाढायची.

आता परवान्यावर माझं नाव.
(कारकुनानं दोनदा विचारलं, भाऊ नाही का?)
जळगावला हकीमुद्दीनभाईंकडे नेली.
चष्मा कपाळावर सारून
ते नळीच्या मुळाशी अंगठा फिरवत राहिले,
ताप पाहावा तसा.
"इथं फूल होतं. सोळा पाकळ्यांचं, त्यांच्या बादशहाचं.
लढाईत हाती लागलेल्या बंदुकीवर बहुतेक तसंच राहतं.
हत्यार टाकायची वेळ आली की
ते घासून काढायचे. मग रांगेनं मांडून ठेवायचे."

रांगेनं.
म्हणजे ढीग होता,
युद्ध संपलेलं होतं,
आणि आजोबांनी भरताचं वांगं निवडावं तशी
हलवून, वजन पाहून
ही उचलली.

एसटीत ती मांडीवर आडवी, चादरीत.
आधी मला हसू आलं,
एवढं, की शेजारची बाई सरकून बसली.
मग धरणगाव येईपर्यंत तो दुसराच समोर :
कुठल्याशा छावणीत, दुपारचा,
हातात कानस.
पाकळ्या मोजल्या असतील का त्यानं?
एकदा हात निसटला असावा,
लाकडावर तिरपा ओरखडा आहे.
आजोबा त्यावर बोट ठेवून म्हणायचे,
"हाऊ संगीनना घाव शे."
आणि आम्ही पोरं
रांग लावून त्याला हात लावायचो.

परवा पुन्हा निवडणूक लागली.
ठाण्यात नवा पोरगा, रजिस्टर जुनंच.
"वर्णन सांगा."
म्हटलं, लिहा, फूल घासलेलं.
त्यानं पेन थांबवलं, दाराकडे पाहिलं,
"फूल नको ताई, आचारसंहिता आहे,"
आणि लिहिलं :
जुनी.