वर्ग ‘सी’

सभा सातला. सव्वासातपर्यंत कॉफी.
बिस्मार्कहून आलेला सल्लागार पडद्यावर रेघ दाखवतो:
पटसंख्येची. आधी घसरते,
तेलविहिरींच्या वर्षी उधळते,
मग फतकल मारून बसते.
पुढची दहा वर्षं तुटक तुटक.
तुटक म्हणजे कुणालाच माहीत नाही,
असं तो सांगतो,
फक्त बऱ्याच जास्त शब्दांत.

मी मागे, दाराशी. ऑर्व्हिल स्टेन्सरूड, किल्ल्या माझ्याकडे.
एकतीस वर्षं मी या इमारतीला ऊब पुरवतो.
कुठे किती मुलं आहेत ते मला
हजेरीआधी बॉयलर सांगतो.
भरलेला वर्ग स्वतःच स्वतःला तापवतो.
रिकाम्या वर्गाला पैसे लागतात.

बालवाडीत सहाच पोरं आली त्या वर्षी
आम्ही वरचा मजला बंद केला.
खुर्च्या बाकांवर उलट्या,
गोठणार नाही एवढीच ऊब.
चार वर्षांनी अठ्ठावन्न.
वरच्या जिन्याला तोवर अग्निशमनवाल्यांनी लाल चिठ्ठी लावलेली,
म्हणून तिसरी बसली जिमच्या रंगमंचावर, पडदा ओढून.
पडद्याअलीकडे चेंडू आपटत राहायचा
आणि मिस वोल्ड त्याच ठेक्यावर
सातचा पाढा घ्यायच्या.

मग ट्रकवरून खोल्या आल्या. ए, बी, सी.
खाली चाकं, बाहेरून पत्र्याचा घेर.
वारा सुटला की कुरकुरायच्या.
मुलांना आवडायचं ते, बाईंना नाही.

आणि तेलाचा भाव पडला.
एका शुक्रवारी नऊ दाखले लिहिले मार्लिसने,
टेक्सास, टेक्सास, ओक्लाहोमा, टेक्सास.
सोमवारी कोटांच्या खुंट्यांवर नावं तशीच,
नावांखाली नुसती भिंत.

‘सी’ विकली. आठशे डॉलर.
गुनार ब्रेक्के ट्रॅक्टरने ओढत घेऊन गेला.
मार्चमध्ये तिथे आता त्याच्या गाई वितात.
मी पाहून आलोय:
भिंतीवर अक्षरांची पट्टी अजून आहे,
खाली पेंढ्यात ओलं वासरू
पाय सापडत नसलेलं,
उभं राहायच्या खटपटीत.

आता म्हणे गॅसचा कारखाना येणार.
म्हणजे कदाचित.
डोरीन फुगलबर्ग म्हणते, बांधलं आणि आलीच नाहीत तर?
तीच, दुसऱ्या कपानंतर:
आली आणि बांधलेलंच नसलं तर?
मागच्या वेळी कर्जरोख्याचा ठराव अकरा मतांनी पडला.
त्यातलं एक मत माझं होतं.
हे मी अजून कुणाला बोललेलो नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पण अंथरूण आज शिवायचंय
आणि पाय कुणाचे, किती,
अजून कुठल्या रस्त्यावर आहेत,
कोण सांगणार?

शेवटी कुणीतरी विचारतं,
गुनार, ‘सी’ परत देशील का?
गुनार टोपी मांडीवर फिरवतो.
देईन की. पण एप्रिलनंतर.
चौदा गाई अजून बाकी आहेत.
सगळे हसतात.
सल्लागार मात्र ते लिहून घेतो.

निर्णय पुढच्या सभेला.
दिवे मालवून मी वर जातो,
हातात बादली.
महिन्यातून एकदा इथल्या मोऱ्यांत पाणी ओतावं लागतं,
नाहीतर त्या कोरड्या पडतात
आणि वास खालच्या वर्गांत उतरतो.
कुठल्याच आराखड्यात हे काम नाही.
पाणी खाली जाताना घशातल्यासारखा आवाज करतं,
मग थांबतं. मग दुसरी मोरी.

जिन्यात मार्लिस भेटते, कोट चढवताना.
दुपारी एका बाईचा फोन आला होता, म्हणते.
बस आमच्या वळणापर्यंत येते का, विचारत होती.
येते म्हटलं.
मुलं किती,
ते विचारायचं राहूनच गेलं.