पुसून टाकण्याबाबत

नोटिशीवर विषय एवढाच लिहिलाय.
खाली मृदुला वडणगेकर, वय एकतीस, कसबा बावडा,
तर्फे अ‍ॅडव्होकेट रेवती सरनोबत.
मी तिसऱ्यांदा वाचली. चहावर साय धरली.

आषाढात फोन आला होता तिचा.
काका, मी सरळ सांगतो तुम्हाला,
मी लग्न करत नाही. माझं स्थळ काढा.
आपल्याकडच्या पोरी अशाच बोलतात, जातो, येतो, सांगतो.
मी हसलो. म्हटलं, असू दे की बाळ,
कुणाचं कुठं जुळंल, सांगता येतं व्हय?
तिनं फोन ठेवला नाही. नुसती गप्प राहिली.
तिच्या गप्प बसण्याला मी होकार धरला.
आमच्या धंद्यात तसंच धरतात.

वडिलांच्या वेळी वही होती,
मंगळवार पेठेतल्या दुकानात, लाल बांधणीची.
जुळलेल्या स्थळावर निळ्या पेन्सिलीची रेघ.
वही एक, कुलूप एक, किल्ली करगोट्याला.
कुणी पान मागितलं तर म्हणायचे,
शिक्षण सांगतो, पत्ता तिच्या बापाला विचारून.

मग नौशाद मुजावरनं राजारामपुरीतनं सॉफ्टवेअर बसवून दिलं.
अकरा हजार दोनशे स्थळं.
रास, रक्तगट, पगार, चष्म्याचा नंबर,
भावकीतला दावा चालू की मिटलेला,
सगळं एका बोटावर.
तेव्हापासनं लोक मला शोधत यायला लागले,
कार्यालयवाला, शालूवाला,
गुजरीतला हप्त्यावर साज देणारा,
आणि टाय लावलेला एक कर्जवाला.
यादी द्या की शेठ, नुसती यादी.
मी नुसती यादी दिली.

आता माझा वकील म्हणतो,
कायद्यानं तुम्ही त्या माहितीचे विश्वस्त.
मला देवळाचे विश्वस्त तेवढे माहीत होते.
म्हणतो, संमती मागावी लागते, कशासाठी ते सांगून,
आणि दिलेली परत घेता येते.
मी विचारलं, गप्प बसलं तर?
त्यानं चष्मा काढून पुसला.

नोटिशीचं चौथं पान मी एकट्यानं वाचलं.
यादीत नंबर तिच्या वडिलांचा होता.
ते वारले दोन वर्षांपूर्वी.
फोन तिनं बंद केला नाही, रोज चार्ज करते,
का करते ते लिहिलेलं नाही.
त्या फोनवर दुपारी बायका बोलतात,
वडणगेकर साहेब, मुलीच्या लग्नाचं कर्ज मंजूर झालंय.
तारखेसकट बेचाळीस कॉल.

नौशाद म्हणाला, पुसतो की, त्यात काय.
मग खुर्ची मागं ढकलून म्हणाला,
इथलं जाईल काका. बॅकअपमधलंबी काढतो.
पण तुम्ही वाटलेलं कुठं कुठं गेलं असंल,
ते मला नाही सापडायचं.

गुजरीत गेलो. साजवाला म्हणाला, कसली यादी?
शालूवाल्यानं सोडा मागवला.
कर्जवाल्याचा बोर्ड उतरला होता,
गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

रात्री दुकानात बसून बटण दाबलं.
मशीननं विचारलं, तुम्हाला खात्री आहे का?
एवढा साधा प्रश्न.
अकरा हजार दोनशेंपैकी
एकालाही मी तो विचारला नव्हता.

नंबर तेवढा आधी चिठ्ठीवर उतरवून ठेवलेला.
हेही बहुतेक कायद्यात बसत नाही.
लावला. चार वेळा वाजला.
म्हटलं, नाव काढलं बाळ. माझ्याकडनं तरी.
बाकीच्यांचं मला सांगता येत नाही.

ती गप्प राहिली.
ह्या खेपेला मी त्याचा काहीच अर्थ लावला नाही.
कानाला धरून बसलो.
तिकडं कुकरची शिट्टी झाली,
थोड्या वेळानं आणखी एक.
मग ती म्हणाली, चिठ्ठी फाडा.