शब्दामागे अठरा रुपये

सीताबर्डीला, इंग्रजी पेपरच्या जाहिरात-खिडकीत
मी बावीस वर्षं शब्द मोजते आहे.
निधनवार्तेला शब्दामागे अठरा रुपये,
फोटो असेल तर वेगळे.

मे महिना. कूलर नुसताच घोंघावत होता,
वाळ्याचे तट्टे सकाळीच सुकलेले.
तांडापेठेतून एक बाई आल्या, सावली धरत धरत,
डोक्यावर ओला दुपट्टा,
मुठीत मुलानं पुण्याहून पाठवलेला मजकूर
झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेला.
अनसूया गणपत निमजे.
नवरा आधी हातमागावर, मग मिलमध्ये,
मिल बंद पडल्यावर पुन्हा हातमागावर,
मग खाटेवर.

मी मोजत होते. एकोणतीस, तीस.
‘पोरी, हे शेवटी काय लिहून राहिला तो?
माझं नाव हाये ना थे? तेवढं मले ओळखू येते.’

सर्व्हाइव्ड बाय अनसूया.

म्हटलं, म्हणजे ते गेले, तुम्ही वाचलात.
‘वाचली? काहून,
मी काय त्यायच्यासंग विहिरीत पडली होती?’

मराठी पेपरात असतं: त्यांच्या पश्चात पत्नी.
जणू गेलेला माणूस पुढे चाललाय टांगा टाकत
आणि बायको मागून, दोन पिशव्या घेऊन,
इतवारीच्या बाजारातून चालायची तशीच.

इंग्रजी शब्द मी एकदा डिक्शनरीत उलगडून पाहिला होता,
वडिलांच्या तेराव्यानंतर, काम नव्हतं तेव्हा.
मुळात लॅटिन. दोन तुकडे: वर, आणि जगणे.
फ्रान्समार्गे येता येता कडा झिजल्या, नाण्याच्या झिजतात तशा.
इंग्लंडात आधी वकिलांनी वापरला म्हणे:
कोण कोणाच्या नंतर उरलं, म्हणजे जमीन कोणाची.
निमजेबाईंच्या वाट्याला एक माग,
त्याचा एक पाय विटेवर.

वर जगणे.
आपल्याकडे वर कोण जातं ते
शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

हे सगळं खिडकीतून कसं सांगायचं?
आणि वर तो कर्मणी प्रयोग:
जगायचं बाईंनी, वाक्य मात्र गणपतरावांचं,
ते मेल्यावरसुद्धा.

तरी थोडं सांगितलं. वर म्हणजे असं, जगणं म्हणजे तसं.
बाई हसल्या. पुढचे दोन दात नव्हते.
‘वर तर तेच होते व माय, मेडिकलच्या खाटीवर.
मी खाली, चटईवर. दोन महिने.
सलाईन संपली का मी उठो.’

मग आता?
‘आता काय. जगून राहिली.’

इथे याचा अर्थ इतकाच की चालू आहे.
ऊन तापून राहिलं, पंखा फिरून राहिला, मी जगून राहिली.
पुण्यातला तो मुलगा आता कदाचित वेगळं ऐकेल:
आधी जगून झालं,
आणि मग राहिली.

मी पेन उघडलं. सवयीनं म्हणाले,
शेवटचे तीन शब्द काढले तर
चोपन्न रुपये वाचतील.

वाचतील, हे तोंडातून गेलं
आणि मग मलाच ऐकू आलं.

बाईंनी पदराची गाठ सोडली.
नोटा घामानं एकमेकींना चिकटलेल्या;
एकेक सुटी करून काउंटरवर ठेवली,
चोपन्न रुपयांपाशी थांबल्या, पुन्हा मोजले.
‘राहू दे,’ म्हणाल्या.

पावतीवर ‘जाहिरातदार’ या रकान्यात
मी त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण.
त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, शाई फिसकटली.

जाताना कूलरच्या टाकीत दुपट्टा बुडवला,
पिळला नाही,
तसाच गळता डोक्यावर घेतला
आणि पायऱ्या उतरल्या.
दारापर्यंत पाण्याचे ठिपके होते.
पुढच्या माणसाचा मजकूर लांब होता,
मी मान खाली घालून मोजायला लागले.