चार नवे पैसे

त्या वर्षी देशाने पैसा बदलला.
आम्हाला ते तरीवर कळलं,
कारण आमच्याकडे देश होडीतूनच यायचा:
टपालाची थैली, मतपेटी, देवी टोचणारा,
आणि एप्रिलच्या पहिल्या सोमवारी
कचेरीच्या शिपायाने आणलेली पुरचुंडी.
आत नखाएवढी चकचकीत नाणी.

बापाने एक चावून पाहिलं.
आई म्हणाली, "ह्याला भोक पन नाय,
पोरीच्या करगोट्यात ओवायचा कसा?"

बाप, हिराजी वासावे, जयगडची खाडी, उतारू वल्हवणारा.
माणशी एक आणा, टोपलीला अर्धा,
शिमग्यात देवाची पालखी फुकट.
सोळा डोकी म्हणजे एक रुपया,
त्यातले तीन आणे आमचे, बाकी ठेकेदाराचे.
हे गणित बापाला वल्ह्यासारखं हातात बसलेलं.

मग शिपायाने खोपीच्या कुडाला
भाताच्या शितांनी छापील तक्ता डकवला.
एक आणा बरोबर सहा नवे पैसे.
सोळा डोकी उतरली.
बापाने वाळूत मोजलं, पुन्हा मोजलं.
शहाण्णव.
ठेकेदार बाळकोबा शेट्ये म्हणाला,
"रुपया शंभराचा. सरकारनं केलाय, मी नाही."
आमच्या वाट्यातून चार पैसे कापले,
रोज, प्रत्येक खेपेला.

गद्रे मास्तरांनी फळ्यावर समजावलं,
"अपूर्णांक असतात, हिराजी. ते सोडून देतात."
बाप दारात उभा, पायांना चिखल.
"सोडतात, बरं. पन धरतो कोन?"

मास्तर हसले नाहीत, हे मला आठवतं.

त्याच वर्षी बापाच्या बोटाला शाई लागली होती,
माशांच्या खवल्यांतही गेली नाही.
त्याच वर्षी पोस्टात नवं पंचांग लागलं,
सरकारी चैत्र, सरकारी एक तारीख.
भरती मात्र जुन्या तिथीनेच येत राहिली
आणि आम्ही तिच्याकडे पाहूनच होडी सोडत होतो.

जुने आणे अजून चालत होते.
सोळा जुने दिले की रुपया पुरा भरायचा.
ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली, माहीत नाही.
पलीकडची शरीफा होडेकर,
डोक्यावर बांगड्यांची टोपली, पदराला गाठ,
गाठ सोडून नक्षीदार काठाचा आणा काढायची.
"हिराजीभाऊ, तुझ्यासाठी बाजूला ठेवते."
आणखी दोघी-तिघी ठेवायच्या.
सगळे नाही. तलाठी तर कधीच नाही.

पावसात साथीचा ताप आला,
तोही होडीतूनच आला असणार.
सोळा डोक्यांची नऊ झाली, मग चार,
एकदा नुसते डॉक्टर आणि त्यांची छत्री.
त्या महिन्यात चार पैशांचा वाद मिटला,
कारण रुपयाच झाला नाही.

गणपती गेल्यावर शरीफाचा मुलगा आला, दाऊद,
माझ्याएवढा, नवी टोपी घातलेला.
बापाच्या तळहातावर त्याने सात आणे ठेवले.
"अम्मीच्या गाठीत होते. तरीचे आहेत म्हणाली होती."
बापाने त्याला फुकट पलीकडे सोडलं,
आणि परत येताना मध्यावर
वल्हं तसंच धरून बसला.
होडी थोडी खाली वाहत गेली.

मी पुढे बँकेत लागलो, रत्नागिरीला.
चौतीस वर्षं दशांश चिन्हाच्या उजवीकडे बसलो.
मार्चअखेर एका रात्री चार पैशांचा फरक आला,
दोन वाजेपर्यंत शोधला, सापडला:
एका आकड्याची शेपटी पुसट होती.
साहेबांनी चहा मागवला.
मला खाडी ऐकू येत होती.

आता तिथे मोटारींसकट माणसं नेणारी फेरीबोट आहे,
पैसे फोनवरून जातात, आवाजही होत नाही.
बापाने त्या सातातले सहा वर्षभरात खर्चले,
उगाच खोटं कशाला सांगू,
भात लागतो.
सातवा माझ्या टेबलाच्या खणात आहे.
पेन शोधताना कधी कधी
त्याचा काठ बोटाला लागतो.