पोटाखालची जागा

निझवाला दुपारी दोननंतर
पत्र्याला हात लावू नये.
तरी हमूदनं शोरूमच्या मागच्या आवारात
तीन गाड्या ओळीनं लावून घेतल्या,
आणि मला सनाइयातून बोलावलं, टेप घेऊन ये, या परकार.

मॉडेल एकच. ट्रिम तीन.
साधी, मधली,
आणि हवेच्या सस्पेन्शनवाली,
जिची किंमत सेल्समन हळू आवाजात सांगतो.

मी खाली सरपटलो.
दोनशे पंधरा.
दोनशे एकोणतीस.
तिसरी तिच्या मनावर: एक बटण दाबलं की दोनशे सत्तर,
दुसरं दाबलं की बसली खाली.

कॅटलॉगमधला आकडा खोटा नसतो,
पण कॅटलॉगमध्ये कुणी बसलेलं नसतं.
पाण्याचे कॅन नसतात, गॅसचा सिलिंडर नसतो,
ईदच्या आधीची बकरी नसते.
सगळं भरलं की मधलीची बोटभर उंची जाते.

दोन इंच लिफ्ट टाक, हमूद म्हणाला.
मग मी ते सांगितलं
जे वीस वर्षं सांगतोय आणि कुणालाच आवडत नाही:
स्प्रिंग लांब केली की बॉडी वर जाते,
मागचा ॲक्सल होता तिथंच राहतो.
डिफरन्शियलचा तो भोपळा
फक्त टायर उचलतात.
वादीतल्या दगडाला तुझा रुबाब दिसत नाही,
त्याला सगळ्यात खालचं तेवढं लागतं.

दोनशे एकोणतीस म्हणजे माझी एक वीत.
टेप विसरलो तर हात घालून बघतो.
आमच्याकडे वीतभर म्हणतात ते पोटाला,
ते भरायला दापोलीहून आलो,
आणि इथं मोजत बसलोय पोटाखालची जागा.

हमूदची आई सावलीत खुर्चीवर होती.
तिच्या गावाला जाताना वादी तीनदा ओलांडावी लागते,
म्हणून हा सगळा खटाटोप.
ती काठी टेकत उठली. म्हणाली,
मोजून झालं असेल तर आता मी चढून बघते.

साधीत चढली, हमूदचा खांदा धरून.
मधलीत तिसऱ्या खेपेला.
त्यावर आमची लिफ्ट, आमचे टायर,
मिळून आणखी तीन इंच:
ते तिच्या गुडघ्यात जाणार होते
आणि आम्ही कुणीच तिकडे टेप लावला नव्हता.

तिसरी गाडी तिच्यासमोर
फुस्स करत खाली बसली.
बाई खळखळून हसली.
उंट बसताना निदान कुरकुरायचा, म्हणाली,
कळायचं तरी, त्याला आपलं वजन कळलंय म्हणून.
हमूदनं किंमत पुन्हा विचारली
आणि बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला.

पायरी लावू ना बाजूला, सेल्समन म्हणाला.
पायरी दगडाला आधी टेकते, मी म्हणालो.
एवढं खटपटीनं मिळवायचं
आणि लोखंडाची पट्टी लोंबवून परत देऊन टाकायचं!

मधली ठरली.
लिफ्ट ठरली, तेहतीसचे टायर ठरले.
पायाखाली घ्यायला एक स्टूल कर, बाई म्हणाली.
तिला गुडघ्याबद्दल विचारायचं कसं, म्हणून मी घुटमळलो,
तर तिनंच पाय किती उचलतो ते दाखवलं
आणि माझ्या खडूनं काठीवर खूण केली.

जुन्या पाटा-स्प्रिंगचे तुकडे वेल्ड केले,
वर टायरचं रबर ठोकलं, पाय घसरू नये म्हणून.

महिन्यानं गाडी आली ऑइल बदलायला.
भोपळ्याला एक ताजा ओरखडा, बाकी ठीक.
बाई आतच बसून होती, काच खाली करून.
तुझं स्टूल डुगडुगतं, म्हणाली, एक पाय आखूड आहे.

मी म्हटलं, शक्यच नाही.
टेप लावला.

तीन मिलिमीटर.